गुरुवारचं मौन, चार ते पाच

प्रिय दादास,

तू गेल्यावर तुला पत्रबित्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. मेलेल्यांना पत्रं लिहिणाऱ्यांची मी आजवर टरच उडवली. पोस्टमन कुठल्या पाखाडीच्या वाटेनं जाणार, असं विचारायचो. पण महिन्याभरापूर्वी एका गुरुवारी वैनी माझ्या ओटीवर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "भावजी, आता तुमी लिवा. नायतर हो माणूस गप रवान रवान मरतलो."

हो माणूस म्हणजे आपला बाबलो. दशावतारात राक्षस करायचा तोच. रंगमंचावर त्यानं आरोळी ठोकली की तीन वाड्यांतली कुत्री एकदम उठायची. गेल्या वर्षी त्याची बायको गेली आणि तो कमी कमी बोलायला लागला, हे तूही बघितलं होतंस. तू गेल्यावर त्यानं तुझ्या नावानं व्रत धरलं. गुरुवारी चार ते पाच, दार लावून, मौन. पाच वाजता दार उघडायचा तेव्हा आधीपेक्षा जास्त गप्प असायचा. देवळात, दुकानात, एसटीच्या थांब्यावर सगळे कौतुक करतात. "दादाचा व्रत बाबल्यान उचलल्यान."

आणि दादा, असं व्रत कधी नव्हतंच, हे या गावात दोनच माणसांना ठाऊक होतं. वैनीला आणि मला. तिसरी एक बाई आहे, पण ती बोलत नाही.

आठवतं, तुझ्या मौनाचा गावाला केवढा आदर होता? देवळात गाऱ्हाणं घालणारा तू, कौल लावताना देवाला प्रश्न विचारणारा तू, सगळ्यांचे अर्ज लिहून देणारा तू. अशा बोलत्या माणसानं आठवड्यात एक तास तोंड बंद ठेवायचं ठरवलं, तर लोकांना त्यात तेज दिसणारच. तू चार वाजता टेकाडावरच्या मांगरात, बागेतल्या त्या खोपीत, जायचास. वैनी पायथ्याच्या विहिरीपाशी सुपात काजूच्या बिया घेऊन बसायची आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाला परतवायची. "वर जाव नको. ते मौनात आसत." माणूस दबक्या पावलांनी मागे फिरायचा. कुणी तर चपला हातात घ्यायचा.

आणि पंप. वैनी बरोबर चारला विहिरीवरचा पंप सुरू करायची, तो पाचला बंद. जुना पंप, त्याच्या आवाजात शेजारचा माणूस काय म्हणतो ते कळायचं नाही. मी तुला एकदा म्हटलंही होतं, "दादा, माडांका पाणी घालतंस की माड बुडवतंस?" तू हसलास. लोकांचं वैगुण्य शोधण्यावर जगणारा मी, मला हा प्रश्न पडू नये? मौन पाळणाऱ्या माणसाला आवाज झाकायला पंप कशाला लागतो?

तू काजूच्या दिवसात गेलास. झाडाखालीच. डॉक्टरांनी हृदय म्हटलं, आणि ते खरंच हृदयच होतं. दुसरं काही नव्हतं, हे मी नंतर तीनदा विचारून घेतलं. का विचारून घेतलं ते पुढे येईल.

तुझा नववा दिवस गुरुवारचा होता. ओटीवर माणसं बसली होती, तुझ्या गोष्टी चालल्या होत्या. पावणेचारला आत तुझा मोबाइल वाजला. गजर. सगळे दचकले. मी उचलला तर पडद्यावर एकच शब्द: "मॅडम".

माझ्या डोक्यात काय आलं असेल ते तुला सांगायला नको. तू मला लहानपणापासून ओळखतोस, माझ्या मनात चांगलं शेवटी येतं. तासाभरात मी तुला एक बाई लावून दिली होती, वेंगुर्ल्यात तिला घर करून दिलं होतं, आणि वैनीला पंप चालवणारी भोळी बाईल ठरवून मोकळा झालो होतो. माणसं गेल्यावर मी वैनीला आत गाठलं.

"वैनी, ही मॅडम कोण?"

ती भांडी विसळत होती. मागे वळलीही नाही. "एवढे दिवस लागले तुमका इचारूक? मगे लेखक कसले तुमी?"

मग तिनं सांगितलं. गुरुवारी चार ते पाच तू मौनात नव्हतास. आठवड्यातला तोच एक तास तू बोलत होतास. फोनवर, चित्र दिसतं तसल्या कॉलवर, एका समुपदेशक बाईशी. मौनाची गोष्ट वैनीनं रचली होती. "लोकांका सांगला असता बोलतत, तर सगळी आयकाक इली असती. गप बसतत म्हटल्यार कोण येता?"

"आणि बोलायचा काय?"

"माका काय म्हायत? मी पंपार होतंय."

दोन पावसाळे आणि वर काही महिने. ती पंपावर होती, आणि तिनं एकदाही विचारलं नाही. मला हे अजून पचत नाही. मी असतो तर दुसऱ्याच गुरुवारी मांगराच्या मागच्या करवंदीत लपलो असतो. करवंदीचे काटे मोजत तुझं सगळं ऐकलं असतं, आणि दिवाळीला छापलं असतं.

म्हणूनच मला सांगितलं नाहीस ना?

हा माझा राग आहे तुझ्यावर, आणि त्याच्या खाली काय आहे तेही मला कळतं. मी तुझा भाऊ आधी की लेखक आधी, हे तुला नक्की ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

माझा संशय एवढ्यावर थांबणारा नव्हता. बाई नाही तर फसवणूक असणार. कुणीतरी पुण्यामुंबईत पंख्याखाली बसून माझ्या भावाला "हं, हं" म्हणून गंडवलं असणार. वैनीनं देवघराच्या फळीवरची वही काढून माझ्या हातात दिली. "फसूक ते काय तुमी आसत?"

वहीच्या पहिल्या पानावर तुझ्या अक्षरात होतं: "सुरू करण्याआधी विचारायचे." अक्षर तेच, अर्जाचं. भाषाही तीच, तहसीलदाराला लिहितोस ती. देवाशी आणि आमच्याशी मालवणी, आणि सरकारशी शुद्ध. ही बाई तू सरकारात धरलीस, याचं मला तेव्हाही हसू आलं.

कौल लावताना तू लोकांना काय सांगायचास ते आठवलं. मूर्तीवर फुलांचे कळे चिकटवले की माणसं गोल गोल विचारायची, "देवा, माझा बरा होयत मां?" तू दटावायचास, "असा नको. एका येळी एकच इचार. आणि डावो कौल इलो, देव नाय म्हणालो, तरी घेवची तयारी ठेव." पानभर तसेच प्रश्न होते. एकेक, सरळ. पुढे बारीक अक्षरात मिळालेलं उत्तर.

तीन माणसं तू आधीच बाद केली होतीस. पहिलं एक अ‍ॅप होतं. त्यापुढे लिहिलंय, "माझ्या फोनमधील सर्वांचे नंबर मागते. दुःख माझे, नंबर गावाचे का? काढून टाकले." दुसऱ्यानं सहा बैठकांत हमखास गुण येईल म्हटलं होतं. तुझा शेरा: "हमखास म्हणतो तो घाडी." म्हणजे अंगारे-धुपारे करणारा. तिसऱ्याला शिक्षण विचारलं तर तो रागावला. पुढे नुसती फुली.

मग ती मॅडम. "आपले शिक्षण काय व कोठे? नोंदणी असल्यास क्रमांक." उत्तर: "कागद स्वतःहून दाखवले. म्हणाल्या, जरूर तपासा, समुपदेशक म्हणून पाटी कोणीही लावतो." तू तपासलेस. खाली दोन रेघा आहेत.

"मी बोललेले कोणास कळेल?" उत्तर लांब होतं. कुणाला नाही, पण तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर त्या गप्प राहणार नाहीत, आणि कोर्टानं मागितलं तर त्यांचा इलाज नाही. त्याखाली तू लिहिलंस, "अपवाद आधी सांगितले. यावरून माणूस बरा वाटतो."

रेकॉर्डिंग होतं का, हे विचारलंस. नाही म्हणाल्या, आणि तुम्हीही करू नका म्हणाल्या. गोळ्या देणार का, विचारलंस. त्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर देतात, मला गरज वाटली तर तुम्हांला समोरासमोर जाऊन दाखवायला सांगेन, म्हणाल्या. अवेळी जीव घाबरला तर? मी चोवीस तास नसते. जवळचं हॉस्पिटल कोणतं आणि हेल्पलाइन कोणती ते आजच लिहून ठेवा. तू लिहून ठेवलंस, वहीच्या पुठ्ठ्यावर, मोठ्या अक्षरात. तुझा पत्ता आणि घरच्या एका माणसाचा नंबर का मागतात, यावर तू अडलेला दिसतोस. तिथं खोडाखोड आहे. उत्तर: "त्या लांब. मला काही झाले तर येथे कोण धावेल?" पुढे वैनीचा नंबर. तिला कळलं ते असं.

माझा नंबर नव्हता. मी पान उलटून पाहिलं, पाठीमागेही नव्हता.

आणि शेवटी, शुद्ध भाषा सोडून, "मालवणी चलात?" उत्तर: "सगळी कळत नाही म्हणाल्या. अडले की विचारीन म्हणाल्या." दादा, या प्रश्नापाशी मी वही मिटली. इतक्या शुद्ध अर्जाच्या खाली हे एवढंसं.

आपल्या तालुक्यात कुणीच नव्हतं का, असं मी वैनीला विचारलं. ती म्हणाली, "कुडाळात एक डॉक्टर आसत. बरे आसत म्हणतत. पण तुमच्या भावाची स्कूटर कोण ओळखत नाय?" खरं आहे. पिवळ्या सीटकव्हरची ती स्कूटर दवाखान्याबाहेर दहा मिनिटं उभी राहिली असती, तर तू घरी पोचायच्या आधी इथं चार माणसं बसली असती, एकानं अंगारा आणला असता. मोबाइल हीच एक जागा, जिथं तुझी स्कूटर लावावी लागत नव्हती. एवढी साधी गोष्ट, आणि मी तिच्यावर बाराशे शब्दांचा विनोद केला होता.

तो विनोद तू वाचला होतास. इथंच माझं घोडं अडलंय. "मोबाइलातलो घाडी." मच्छरदाणीत शिरून मोबाइलला रडगाणं सांगणारा माणूस, आणि पलीकडून "हम्म" म्हणणारा यंत्रातला भगत. छापायच्या आधी माझं सगळं तूच वाचायचास, हेही वाचलंस. महिने मोजले तर तेव्हा तुझे गुरुवार चालू होते. तू पेन्सिलीनं एकच दुरुस्ती केलीस. मी त्या माणसाला "खुळा" म्हटलं होतं, तू ते खोडून "दमलेला" लिहिलंस.

मी म्हटलं, "दादा, विनोद मरता."

तू म्हणालास, "मरांदे. विनोदाक काय बाईल-पोरां नसतत."

मी "खुळा"च ठेवलं. अंक आला, लोक हसले. तूही अंक घरी नेलास. मला आता एवढंच हवं होतं, दादा, की तू तिला काय सांगितलंस. त्या आठवड्यात, माझ्याबद्दल, त्या शब्दाबद्दल. दुखावून गेलास की नाही? डॉक्टरांना मी तीनदा का विचारलं, ते आता तुझ्या लक्षात आलं असेल.

मी तिला फोन केला. गोड बोललो, दुखवट्याचं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या घरी दुःख झालंय, वाईट वाटलं. पण माझ्याकडे कोण येतं, कोण येत होतं की नव्हतं, हे मी कुणालाच सांगत नाही."

"मी सख्खा भाऊ आहे."

"हो."

"अहो, त्याच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे."

"इथं कुणी काही बोललं, तर ते सातबाऱ्यावर चढत नाही," ती म्हणाली. आवाजात हसू नव्हतं, चीडही नव्हती.

मग मी ठेवणीतलं काढलं. म्हटलं, मी लिहितो, पेपरात माझं सदर आहे, तुमच्याबद्दल लिहीन. "लिहा," ती म्हणाली. "तरी नाही सांगता येणार. माणूस गेला म्हणून त्याचं बोलणं मोकळं होत नाही." आणि मग, "तुम्हांला स्वतःला बोलायचं असेल, तर मी दुसऱ्या दोघांची नावं देऊ शकेन. तुम्ही कसे आहात?"

मी फोन ठेवून दिला.

मला तिची चीड आली होती, आणि दादा, दोन दिवसांनी ती चीड भलत्याच वाटेला लागली. आपल्या गावात गुपित म्हणजे ज्याला ते सांगायला अजून कुणी भेटलेलं नाही ती बातमी. आणि इथं एक बाई होती, जिनं तुझं नावसुद्धा जिभेवर घेतलं नाही. मी धमकावलं तरी नाही. तू मेलास तरी नाही. असं माणूस तू शोधलं होतंस, पानभर प्रश्न विचारून. आणि मला ते सापडलं ते फक्त त्याचं तोंड उघडायचा प्रयत्न करताना.

आता बाबल्याचं. त्या गुरुवारी वैनीचं ऐकून मी त्याच्याकडे गेलो. पाच वाजेपर्यंत पायरीवर बसलो. त्यानं दार उघडलं, मला बघून मान हलवली.

"बाबल्या, दादा चार ते पाच काय करी, म्हायत आसा?"

उंबऱ्यावर बसत म्हणाला, "दादा गप बसायचो."

"नाय. बोलायचो."

"कोणाशी?"

"मोबाइलार. एका बाईशी. मन हलका करूक."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जसं तो राक्षस असताना रंगमंचावर विनोद्याकडे बघायचा. "तू मेल्या लिवणारो. तुझा काय खरा? मेललल्या भावाचीव टिंगल करतंस?"

हे माझं पुण्य, दादा. आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला खरं सांगायला गेलो, तर तो ते विनोद समजून रागावला. मी वही पुढे केली. त्याची पेन्शन, त्याचं रेशनकार्ड, बायकोच्या दाखल्याचा अर्ज, सगळं तूच लिहिलेलं. तुझं अक्षर त्याला माझ्या तोंडापेक्षा खरं वाटलं. ओठ हलवत त्यानं पान वाचलं. "हमखास म्हणतो तो घाडी" पाशी थांबला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून बसला. "मालवणी चलात?"

"मी गप बसान बघलंय," तो म्हणाला. "माका वाटला दादाक बरा वाटता, माकाव वाटात. उलट आत गोळो झालो." मग वही मिटून, "ह्या नोंदणीबिंदणीचा तू बघशीत?"

"बघतंय."

"माझो आवाज मोठो आसा. सगळ्या वाडीक कळतला."

"वैनीक इचारतंय," मी म्हटलं.

हे छापावं की नाही, यावर मी रात्रंदिवस नाही पण दोन दुपारी घालवल्या. ती बाई तुझं नाव घेत नाही आणि मी अख्खं पत्र लिहितो? वैनीनं निकाल दिला. "आत ते जा बोलले, ता तेंचा. भायर मी बसलंय, ता माझा. माझा मी सांगतंय, लिवा. बाबल्याक मी इचारलंय, तो व्हय म्हणता. बाबल्यासारके आजून किती गप बसले आसतीत." तुझी परवानगी कुणाकडे मागायची, ते मला कळलं नाही. डावा कौल असेल तर वर आल्यावर सांग.

माझंही सांगतो. तुझेच प्रश्न नकलून मी तिघांना पाठवले. एकानं उत्तरच दिलं नाही, दुसऱ्यानं गॅरंटी दिली. तिसऱ्या बाईनं सगळी उत्तरं दिली आणि एका ठिकाणी "हे मला माहीत नाही, विचारून सांगते" असं लिहिलं. तिच्याकडे दोनदा बसलो. संशय गेलेला नाही. पहिल्या दिवशी मी तिला तेच सांगितलं. ती म्हणाली, राहू दे, घेऊनच या. दुसऱ्या दिवशी मी तिला तो "खुळा" सांगितला. ती "हम्म" तर अजिबात म्हणाली नाही.

तर दादा, शब्द देतो. पुढच्या वर्षी ते लेख पुस्तकात येतायत. त्या पानावर "दमलेला" छापेन. विनोद मेला तर मरो. तू तिला काय सांगितलंस ते मी पुन्हा कुणाला विचारणार नाही, मनातसुद्धा नाही, निदान प्रयत्न करीन. आणि माझ्या घरच्या माणसाच्या नंबराच्या जागी मी वैनीचा दिलाय. तिनं तिच्या घरच्या माणसाच्या जागी माझा दिला असता का, ते विचारायची हिंमत झाली नाही, पण काल तिच्या मोबाइलात पुठ्ठ्यावरचा हेल्पलाइनचा नंबर मी भरून दिला, तर म्हणाली, "तुमचो पण वर ठेवा. पयलो."

आज गुरुवार. चार वाजलेत. बाबलो मांगरात गेलाय, मोबाइलवर एका नव्या समुपदेशक बाईंकडे त्याचा पहिला दिवस. वाटेवर वैनी सूप घेऊन बसली आहे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते आहे, मौन आसा. पण दशावतारातला राक्षस हळू बोलतो म्हणजे किती हळू बोलणार? पंपाच्याही वर त्याचा आवाज इथपर्यंत येतोय. शब्द कळत नाहीत.

वैनीनं मला हाक मारली, शेजारचा पंपही लावायला सांगितला. जातो. माडांना यंदा पाणी फार होणार आहे.

तुझा धाकटा,
नंद्या